पेटीची किल्ली कुणाकडे आहे?

जालना जिल्ह्यातल्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका म्हणतात, म्हणून छापत नाही. पत्र लांब आहे, थोडं आखडून देते.

"सलाम ताई. मी एसटीत अठ्ठावीस वर्षं चालक होतो, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. आमचं घराणं आजोबांच्याही आधीपासून ख्रिस्ती मंडळीतलं. मुलगी २३ वर्षांची, जीएनएम म्हणजे नर्सिंगचा कोर्स झालेली, एका खासगी दवाखान्यात नोकरीला. डिसेंबरात यूथ कॅम्पला गेली आणि तिथं या पोरांची ओळख झाली. चौदा पोरं-पोरी आहेत. लातूरकडं भाड्याचं घर आणि शाळेची जुनी बस. पगार कुणी घेत नाही, जे मिळेल ते एका पेटीत. गावोगाव गाणी, साक्ष, ऊसतोडवाल्यांच्या कोप्यांवर औषधपाणी. आता मुलगी म्हणते नोकरी सोडते, लग्नासाठी ठेवलेलं दोन तोळे सोनं द्या, ते मला पेटीत टाकायचंय. पहिल्या मंडळीनं असंच केलं आणि अमेरिकेत पन्नास वर्षांपूर्वी हजारो पोरांनी असंच केलं, असं तिला सांगितलंय. शैक्षणिक कर्जाचे एक लाख चाळीस हजार अजून बाकी आहेत, मी सहकर्जदार. तिची आई आठ दिवस धड जेवली नाही. मंडळीत लोक कुजबुजतात. मी जाऊन त्यांची बस बघून आलो. पुढचं डावं टायर रिमोल्डचं आहे, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेलं. पोरीला कोंडून ठेवू का जाऊ देऊ, सांगा."

सलाम, भाऊ.

पोरीवर रागावून तुम्ही तिथवर गेलात आणि तरी वाकून टायर बघितलंत, हे वाचून मला बरं वाटलं. ज्या नजरेनं अठ्ठावीस वर्षं रोज पहाटे गाडी तपासलीत, तीच नजर आता लागणार आहे. बसबद्दल शेवटी लिहिते.

आधी कोंडण्याचं. ते डोक्यातून काढून टाका. लेक सज्ञान आहे, तिला कोंडणं कायद्यात बसत नाही हे एक. दुसरं असं की कोंडलेल्या विश्वासू पोरीला तुरुंगातल्या पेत्राच्या बेड्या गळून पडल्याची बायबलातली गोष्ट आठवते. मग तुम्ही तिचे बाप राहत नाही, तिच्या गोष्टीतले शिपाई होता. त्यानंतर तुमचं शहाणपणाचं बोलणंसुद्धा तिच्या कानात शिरणार नाही.

मी हे पुस्तक वाचून लिहीत नाही. १९८६ साली मी बावीस वर्षांची होते आणि अशाच एका घरात राहायला गेले. आम्ही अकरा जण होतो. बस नव्हती, एक जुना टेम्पो होता. त्यात ढोलकी, बाजाची पेटी, झांजा, सतरंज्या आणि आम्ही. एकोणीस महिने राहिले. त्या दिवसांतलं चांगलं आधी सांगते, कारण तुमची लेक जे बघून भारावली आहे ते खरं आहे आणि ते खोटं ठरवायला गेलात तर हराल.

रात्री उशिरा एखाद्या वाडीवरून परत यायचं. चुलीपाशी बसायचं. ज्वारीची भाकरी, ठेचा, मूठभर शेंगदाणे. भाकरी मोजून अकराच थापलेल्या असायच्या. दाराशी बाराव्या माणसाची चाहूल लागली की कुणी काही बोलायचं नाही, प्रत्येक जण आपापल्या भाकरीचा कोपरा मोडून मधल्या ताटात ठेवायचा. त्या ताटात कधीकधी एका भाकरीपेक्षा जास्त जमायचं. मी आज बासष्ट वर्षांची आहे. आयुष्यात चांगलं-चुंगलं पुष्कळ खाल्लं, पण त्या मोडलेल्या तुकड्यांची चव मला दुसऱ्या कुठल्या अन्नात सापडलेली नाही. तुमच्या लेकीनं हे चाखलंय. ऊसतोडीच्या कोपीत एखाद्या बाईच्या कोयत्यानं कापलेल्या बोटाला पट्टी बांधताना तिला वाटलं असेल की मी नर्स झाले ती यासाठी. खासगी दवाखान्यात सहा महिने सलाईन लावून तिला असं वाटलं नसेल. यात तिला कुणी फसवलेलं नाही.

आता दुसरी बाजू. आमच्या घरातही पेटी होती, पत्र्याची, हिरव्या रंगाची. किल्ली आमच्या पुढाऱ्यांकडे, जानव्यासारखी दोऱ्यात गळ्यात. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. पाळी आली की कापडासाठी पैसे दादांकडे मागायचे, सकाळच्या प्रार्थनेनंतर, सगळे बसलेले असताना. "कशासाठी?" असं ते विचारायचे. रागानं नव्हे, सवयीनं. त्या प्रश्नाला एकोणीस महिने मी "औषधासाठी" असं उत्तर दिलं. देवाच्या घरात राहून दर महिन्याला एकदा खोटं बोलत होते, कारण खरं बोलायला जागाच नव्हती.

दादांनी पैसा खाल्ला असं मला वाटत नाही. पण हिशेबाची वहीच नव्हती, त्यामुळे खाल्ला नाही असंही मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. पुढं लोक बोलायला लागले तेव्हा त्यांनाही ते दाखवता आलं नाही. चांगला माणूस होता. वही असती तर तिनं त्याला वाचवलं असतं.

मी निघाले त्या दिवशी वडील आजारी असल्याचा निरोप आला होता. गाडीभाड्याचे पैसे मागितले तर उत्तर मिळालं, "विश्वासानं आलीस, विश्वासानं जा." येताना मी शिलाई मशीन विकून आलेले चारशे रुपये याच पेटीत टाकले होते. स्टँडवर रिकाम्या हातानं बसले. गाडी लागली, चढले, आणि कंडक्टर आला तेव्हा रडू फुटलं. त्या माणसानं काही विचारलं नाही. ट्रेमधून तिकीट काढलं, पंच केलं, माझ्या हातात दिलं आणि स्वतःच्या खिशातून नोटा काढून कातडी पिशवीत टाकल्या. एसटीच्या खाकी कपड्यातल्या माणसाचं पत्र आलं की मी ते आधी उघडते, त्याला हे कारण आहे.

म्हणून भाऊ, मला तुम्हाला एवढंच सांगायचंय. लेक जातेय यापेक्षा ती ज्या घरात जातेय तिथून परत येण्याची वाट कशी आहे, ते बघा. सगळं त्या पेटीच्या किल्लीवर आहे.

"पहिल्या मंडळीनं असंच केलं" असं ती म्हणते ना? बरोबर आहे. बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या आणि चौथ्या अध्यायात ते आहे, बर्णबानं शेत विकून पैसे प्रेषितांच्या पायाशी आणून ठेवले. पण तिला सांगा, तिथं थांबू नकोस, पान उलट. पाचव्या अध्यायात हनन्या लबाडी करतो तेव्हा पेत्र त्याला काय विचारतो? ती जमीन होती तोवर तुझीच नव्हती का, आणि विकल्यावर पैसेही तुझ्याच हातात नव्हते का? म्हणजे देणं ऐच्छिक होतं. हनन्याचा गुन्हा खोटं बोलण्याचा होता, पैसे राखण्याचा नव्हता. ज्याला "नाही" म्हणायची मोकळीक आहे, त्याचंच देणं हे देणं.

आणि सहावा अध्याय तर तुमच्या पत्रासाठीच लिहिल्यासारखा आहे. त्या सामाईक घरात पहिलं भांडण कशावरून झालं? वाढण्यावरून. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय, अशी कुरबुर झाली. प्रेषितांनी त्या बायांना "विश्वास ठेवा, कुरकुर करू नका" असं सुनावलं नाही. त्यांनी सगळ्यांना बोलावलं, लोकांकडून सात माणसं निवडून घेतली आणि वाटपाचं काम त्यांच्या हाती दिलं. निवडलेल्या सातांची नावं बघा, सगळी ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातलीच माणसं. प्रत्यक्ष येशूबरोबर फिरलेल्या माणसांनी पेटीची किल्ली आपल्या हातून काढून दिली, तर लातूरकडच्या पंचवीस-तीस वर्षांच्या पुढाऱ्याला ती जड जायचं कारण नाही. येशूच्या सोबत्यांचीही एक सामाईक थैली होती. ती यहूदाकडे, येशूला धरून देणाऱ्याकडे असायची, हे तुमच्या लेकीला माहीत आहे.

प्रेषित पौल तर याबाबतीत फारच काटेकोर. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी घेऊन जाताना तो करिंथकरांना लिहितो की या मोठ्या रकमेवरून आमच्यावर कुणी बोट ठेवू नये म्हणून आम्ही जपतो, आणि सोबत मंडळ्यांनी नेमलेली माणसं घेतो. एकट्यानं पैसे नेले नाहीत. तंबू शिवून पोट भरायचा तो वेगळाच.

आता अमेरिकेचं. तिला जे सांगितलंय त्यातलं बरंचसं खरं आहे, फक्त अर्धं आहे. १९६० च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियात, नशापाणी आणि भटकंतीत बुडालेली हजारो तरुण पोरं ख्रिस्ताकडे वळली. लोक त्यांना जीझस पीपल म्हणायला लागले. लांब केस, अनवाणी पाय, गिटार, जुन्या शाळेच्या बस विकत घेऊन त्यांवर वचनं रंगवलेली, आणि एकेका घरात वीस-वीस जण, एकाच खर्चात. १९७१ च्या जूनमध्ये टाइम साप्ताहिकानं त्यांच्यावर मुखपृष्ठ केलं. त्यांतला एक गट १९७२ च्या सुमारास मिलवॉकीहून बसनं फिरत फिरत निघाला आणि शेवटी शिकागोत स्थिरावला. तो टिकला. का टिकला असं मला विचाराल, तर माझ्या मते एक मोठं कारण हे की ती माणसं हातानं कामं करायची. घरांची छपरं घालायची, रंगकाम, सुतारकाम, आणि त्या कमाईवर घर चाललं, बेघरांसाठी निवारा चालला. नुसत्या अर्पणाच्या थाळीवर ते बसले नाहीत. टिकलेल्या घरालाही डाग लागतात, हेही सांगायला हवं. तिथं लहानपण गेलेल्या काहींनी मोठेपणी लैंगिक शोषणाच्या तक्रारी जाहीरपणे केल्या.

बाकीच्या घरांचं काय झालं? १९७० च्या दशकाच्या शेवटापर्यंत बहुतेक मोडली. कुठं पुढारी भांडले, कुठं करांचा घोळ झाला, कुठं पोरांना पोरं झाली आणि वीस जणांच्या घरात पाळणा टांगायला जागा उरली नाही. आणि त्याच लाटेत १९६८ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या एका गटानं तर सगळ्यांना सर्वस्व सोडायला लावलं, घरच्यांपासून तोडलं, पुढाऱ्याची पत्रं हीच देववाणी मानायला लावली. त्यातल्या लेकरांचं जे शोषण झालं ते पुढं इंग्लंडच्या कोर्टापर्यंत गेलं. बस तशीच, गाणी तशीच, वचनंही तीच. आत काय चाललंय हे बाहेरच्या रंगावरून कळत नाही, हे ड्रायव्हरला मी काय सांगू.

आणि इतकं लांब जायची गरजच काय? तुमच्या जालन्याजवळच नारायण शेषाद्री यांनी बेथेल वसवलं. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा ब्राह्मण घरातला माणूस, त्यानं निजामाच्या राज्यात जमीन मिळवून नव्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी गाव उभं केलं. तिथं प्रार्थनेला जागा होती तशी शेतीला आणि कारागिरीलाही होती. केडगावात पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन चालवलं ते प्रार्थनेच्या बळावर, हे सगळी मंडळी जाणते. पण त्याच मुक्तीत दुष्काळातून आणलेल्या मुली माग चालवत होत्या, शेती करत होत्या, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत होत्या. गुडघे टेकलेले आणि हात कामात, अशी ती जागा होती. पुढं पुण्यात स्थिरावलेल्या ख्रिस्त सेवा संघाचं उदाहरणही आहे. १९२२ साली जॅक विन्स्लो यांनी तो सुरू केला, त्यातही सगळं सामाईक, खादी, साधं जेवण.

सगळ्यात जवळचे मात्र आपले रेव्हरंड टिळक. रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी साहेबानं हातात नवा करार ठेवला आणि या माणसाचं आयुष्य फिरलं. १९१७ साली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मिशनचं पगारी काम सोडलं आणि देवाचा दरबार उभा केला, बाप्तिस्मा झालेले-न झालेले सगळे ख्रिस्ताचे अनुयायी एकत्र यावेत म्हणून. १९१९ मध्ये ते गेले. त्यांची भजनं तुमची लेक बसमध्ये गात असणारच. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या आठवणी तिनं वाचल्या नसतील तर तिला वाचायला द्या. हातात आलेला पैसा वाटून मोकळं व्हायचं हा टिळकांचा स्वभाव, आणि संध्याकाळी डब्यात काय आहे हे बघायचं काम लक्ष्मीबाईंचं. विश्वासानं जगणाऱ्या माणसाच्या मागं बहुतेक वेळा एक बाई डबे उघडून बघत उभी असते. तुमच्या घरात ती आत्ता आठ दिवस उपाशी आहे.

म्हणून सोन्याचं आणि कर्जाचं स्पष्ट लिहिते. सोनं देऊ नका. ते तुमचं आहे, तिला द्यायचं ठरलेलं असलं तरी आज ते पेटीत टाकायला देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. यासाठी मार्काचा सातवा अध्याय तिच्यापुढं ठेवा. आईबापाला जे द्यायचं ते "कुर्बान", म्हणजे देवाला वाहिलेलं, असं म्हणून मोकळं होणाऱ्यांना येशूनं काय सुनावलं ते तिथं आहे. बँकेचे एक लाख चाळीस हजार बाकी असताना, सहकर्जदार म्हणून बापाची सही असताना, पोरीनं नोकरी सोडून सोनं देवाला वाहणं हे कुर्बानच आहे. हप्ता थकला की नोटीस तुमच्या पत्त्यावर येणार आणि सिबिल दोघांचा बिघडणार. आधी कर्ज फिटू दे, किंवा निदान वर्षभराचे हप्ते बाजूला ठेवू दे. हे अविश्वासाचं बोलणं नाही. ऋण फेडणं हा विश्वासाचाच भाग आहे, आणि त्या गटाला हे मान्य नसेल तर तुम्हाला अर्धं उत्तर तिथंच मिळालं.

मग तिनं काय करावं? जावं, पण मुदतीनं. रोमन कॅथलिक मंडळीला सामाईक घरात राहण्याचा दीड हजार वर्षांचा अनुभव आहे, आणि त्या अनुभवातून त्यांचे नियम झालेत. नन व्हायला गेलेल्या मुलीचं नवशिक्षण निदान बारा महिन्यांचं असावंच लागतं. त्यानंतरच्या शपथाही आधी ठरावीक मुदतीच्या असतात, निदान तीन वर्षं. तोवर तिच्या नावावर जे आहे त्याची मालकी तिचीच राहते, फक्त कारभार दुसऱ्याकडे सोपवायचा. सर्वस्व सोडायला निघालेल्या पोरीला ज्या संस्था चार वर्षं थांबवतात त्या वेड्या नाहीत. आणि हे डिसेंबरात भेटले नि फेब्रुवारीत सोनं मागतात.

तुमच्या लेकीला म्हणा, दवाखान्यातून तीन महिने बिनपगारी रजा मिळते का बघ. नसेल मिळत तर उन्हाळ्यापर्यंत शनिवार-रविवार त्यांच्यासोबत जा. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू ठेव, नूतनीकरण चुकवू नकोस. बँकेचं खातं तुझ्याच नावावर, एटीएम तुझ्याच पाकिटात, फोन तुझ्याच हातात. त्या खात्यात परतीच्या भाड्याइतके आणि महिनाभराच्या खर्चाइतके पैसे कायम असू दे. आता बायकांना एसटीत निम्मं तिकीट आहे, लातूरहून जालन्याला यायला फार लागत नाही. पण ते फार-थोडं कुणाकडे मागावं लागू नये. सामाईक पेटीत टाकायचं ते तिच्या त्या महिन्याच्या कमाईतून टाकावं, साठवलेल्यातून नको.

तुम्ही पुन्हा एकदा जा. भांडायला नको, पाहुणे म्हणून जा, मुक्कामाला. आणि पुढाऱ्याशी बोलताना मोकळेपणानं विचारा की हिशेब कोण लिहितं आणि तो घरातल्या कुणालाही बघता येतो का. त्यानं वही आणून तुमच्यापुढं ठेवली तर चहा घ्या, बसा. "आम्ही हिशेब देवाला देतो" असं म्हणाला तर सावध व्हा, कारण देवाला हिशेब देणारा पौल माणसांनाही देत होता. न्यास नोंदलेला आहे का ते विचारा. असेल तर धर्मादाय कार्यालयात विश्वस्तांची नावं बघायला मिळतात. बाहेरदेशातून पैसा येत असेल तर एफसीआरएची नोंदणी लागते, ती नसताना आलेला एक डॉलरही त्या चौदा पोरांना अडचणीत आणू शकतो. कुठल्या मंडळीच्या पाळकांना ते उत्तरदायी आहेत, हेही विचारा. कुणालाच नसतील तर ते चांगलं लक्षण नाही.

याआधी या घरातून कुणी बाहेर पडलंय का, आणि त्यांच्याशी बोलता येईल का, हा प्रश्न मात्र विसरू नका. मी तुमच्या जागी असते तर पहिल्यांदा हाच विचारला असता. निघून गेलेल्या माणसाचं नाव ते कसं घेतात, ते कान देऊन ऐका. "प्रभूनं त्याला दुसरीकडं नेलं" असं म्हणून नंबर दिला तर उत्तम. "सैतानानं ओढलं" असं म्हणाले तर उद्या तुमच्या लेकीचंही नाव तसंच घेतलं जाईल. ऊसतोडीच्या टोळीत उचल घेतलेला माणूस फिटेपर्यंत सुटत नाही, हे बीड-जालन्याकडच्यांना कुणी समजावून सांगायला नको. देवाच्या कामात कुणाच्या मानेवर अशी उचल असू नये, पैशाची नको आणि शापाचीही नको.

पोरींची खोली वेगळी आहे ना, आतून कडी लागते ना, आणि पोरींच्या गरजेचे पैसे एखाद्या बाईच्या हातात असतात ना, हे तुम्ही विचारायला लाजाल. तिच्या आईला विचारू द्या.

गावात उतरण्याबद्दलही थोडं. पहिल्या शतकाच्या अखेरीची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची डिडाखे नावाची एक छोटी पोथी आहे, मंडळीच्या अगदी सुरुवातीच्या काळातली. फिरत्या प्रेषितांनी गावात कसं वागावं ते तिच्यात आहे. पाहुणा एक दिवस राहील, गरज पडली तर दोन. तीन दिवस राहिला तर तो खोटा संदेष्टा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी घ्यावी, पैसे मागितले तर तोही खोटा. आणि ज्याला तिथंच राहायचंय त्यानं काम करावं आणि खावं. किती साधा आणि किती कडक नियम! मराठवाड्यात मार्चनंतर तर हा सोन्यासारखा आहे. टँकरची वाट बघणाऱ्या गावात चौदा माणसं उतरली की त्यांच्या अंघोळीचं पाणी कुणाच्या तरी हंड्यातून जातं. बसमध्ये पाण्याची टाकी असू दे आणि ती गावाबाहेर भरलेली असू दे.

गावात गेल्यावर आधी सरपंचांना, पोलीस पाटलांना सांगावं, मग ढोलकी काढावी. सध्याच्या दिवसांत गैरसमज व्हायला वेळ लागत नाही, आणि पोरांना मार बसल्यावर संविधानाचं धर्मस्वातंत्र्याचं कलम २५ आठवून उपयोग नसतो. तुमच्या लेकीसाठी तर आणखी एक. औषध देताना प्रार्थनेची अट नको, प्रार्थना करताना "गोळ्या बंद करा" हे तर कधीच नको. बीपीच्या, फिटच्या, टीबीच्या गोळ्या कुणी तिच्या शब्दावर सोडल्या तर नर्स म्हणून ती जबाबदार आहे. आणि डॉक्टरच्या सांगण्याशिवाय काय द्यायचं नाही, हे तिला कॉलेजात शिकवलंय. जवळच्या आरोग्य केंद्राशी बोलून, आशाताईंना सोबत घेऊन ती कोप्यांवर गेली तर तिचं काम पक्कं होईल आणि बस निघून गेल्यावरही मागं काहीतरी राहील.

आता बस. यातलं तुम्हाला जास्त कळतं, तरी जे मला दिसतं ते लिहिते. आरसी कुणाच्या नावावर आहे? परमिट कसलं आहे? फिटनेसची तारीख बघा, आठ वर्षांपेक्षा जुन्या गाडीला ते दर वर्षी लागतं. चालवणाऱ्या पोराचं लायसन्स कार-जीपचं आहे का बसचं? लायसन्स त्या वर्गाचं नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करते आणि भरपाई त्या पोरांच्या गळ्यात येते. सीट काढून गाद्या टाकल्यात असं तुम्ही लिहिलेलं नाही, पण अशा बसमध्ये बहुधा टाकलेल्या असतात. संकटकाळी बाहेर पडायचं दार गाद्यांनी, ट्रंकांनी अडलेलं नाही ना ते बघा. सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर २५ माणसं बसमध्ये जळाली, तुमच्या घरापासून ती जागा फार लांब नाही. आणि आत गॅसची शेगडी-सिलिंडर असेल तर तो आजच उतरवायला लावा. त्याच वर्षी २६ ऑगस्टला मदुराईत यात्रेकरूंच्या रेल्वेडब्यात असाच सिलिंडर होता, नऊ जण गेले. तीही देवाच्या नावानंच निघालेली माणसं होती.

आणि ते पुढचं डावं टायर. रिमोल्ड मागं चालतं, पुढच्या चाकाला चालत नाही, हे तुम्ही सांगितलंत तर ती पोरं ऐकतील. माझी सूचना अशी की सोन्याऐवजी तुम्ही दोन नवीन टायर द्या. बिल तुमच्या नावावर घ्या, त्यांच्या वहीत त्याची नोंद होते का ते बघा. नोंद कशी होते त्यावरून तुम्हाला पुष्कळ कळेल. आणि लेकीला कळेल की बाप तिच्या प्रभूच्या आड आलेला नाही.

मंडळीतल्या कुजबुजीकडे लक्ष देऊ नका. ज्यांना फारच काळजी आहे त्यांना म्हणा, तुमच्या तरुण संघानं गेल्या वर्षी किती कोप्यांवर औषध नेलं ते सांगा. आपल्या देवळात तिच्या हातांना काम मिळालं असतं तर ती कदाचित लातूरकडं गेलीच नसती. तुमच्या पाळकसाहेबांना हे पत्र वाचायला दिलंत तरी माझी हरकत नाही.

जाल तेव्हा हवा मोजायचं गेज सोबत घ्या, आणि तिच्या आईलाही न्या. बैठकीत नको, स्वयंपाकघरात तासभर बसू द्या तिला, भाकरी थापायला हात लावू द्या. कोण दमतं, कोण वाढतं, कुणाच्या ताटात आधी पडतं आणि शेवटी कोण जेवतं, ते तिला तेवढ्यात कळेल. परत येताना गाडीत ती काय म्हणाली, ते मला लिहून कळवा.